बेअरिंगमधले सात कागद

मशीनच्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत. प्रत्येक मशीनला एक वही, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. कुठून आणलं, कुठल्या अवस्थेत आणलं, काय सुटं केलं, काय बदललं, काय टाकलं, असे पाच रकाने. बँड सॉच्या वहीत बाराव्या पानावर शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'खालची बेअरिंग – कचरा, कागदाचे तुकडे – टाकले.' त्याच्या वरच्या ओळीत बोल्ट आठ, त्याच्याही वर वायसर सोळा. कागदांपुढे आकडा नाही. कचरा मोजायची पद्धत नव्हती माझी.

मी तेव्हा एका पॉलिटेक्निकमध्ये स्टोअर्स सांभाळत होते. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले त्याला वीसेक वर्षं झाली होती. बसवनगुडीतलं घर नवऱ्याच्या वडिलांनी बांधलेलं. मागे मोटारीसाठी एक पत्र्याची शेड काढून ठेवली होती. मोटार कधी आली नाही. नवऱ्याचं घराणं इथं इतक्या पिढ्यांचं की त्यांना पुणं कुठल्या दिशेला हेही नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण 'थोडं' म्हणायचं असलं की 'स्वल्प' म्हणतात, आणि मोठ्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का.

या छंदाची सुरुवात अगदी सरकारी पद्धतीनं झाली. सुतारकाम विभागातलं जुनं सामान मोडीत काढायचं होतं. यादी मीच केली. यादीत एक पायानं चालवायचा लेथ होता, लाकूड घासून गोल करायचा. तो कुणालाच नको होता. लिलावात मीच बोली लावली आणि घरी आणला. तीन महिने दर रविवारी एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून घासला, रंग खरवडला, खालचा मूळ हिरवा रंग निघाला. ज्या दिवशी चाक एका पायाच्या दाबावर सुरळीत फिरलं, त्या दिवशी मला जे वाटलं ते स्टोअर्समध्ये वीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. मग भोकं पाडायचं एक मशीन आणलं. नवरा म्हणायचा, "लोकांच्या घरामागं गाय असते. आमच्यात लेथ." पाहुण्यांना तो शेड दाखवायला मात्र स्वतः न्यायचा.

तिसरं मशीन म्हणजे हा बँड सॉ, पट्ट्याच्या करवतीचा: वर एक चाक, खाली एक, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पट्टा. त्या वर्षांत म्हैसूर रोडच्या बाजूच्या लाकडाच्या गिरण्या एकेक करून बंद होत होत्या. लाकूड येणं कमी झालं होतं आणि जागेला मागणी आली होती. अशाच एका गिरणीत मी गेले. मालकाला मशीन वजनावर भंगारवाल्याला द्यायचं होतं. मी बावीस प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. त्यातल्या सहाव्या प्रश्नाला मालक कंटाळला आणि म्हणाला, ते सगळं त्यांना विचारा.

ते म्हणजे मेस्त्री. ओंडक्यावर बसले होते. साठीच्या आसपास, खाकी अर्धी विजार, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. मी कन्नडमध्ये सातवा प्रश्न विचारला. त्यांनी माझं कन्नड ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, "अक्का, मराठीत विचारा की. तुमचं कन्नड ऐकून मशीन गंजेल."

त्यांची मराठी घरातली, पूर्वजांबरोबर कधीतरी इथं आलेली आणि इथंच वाढलेली. मला अर्धे शब्द ओळखीचे, अर्धे नवे. पण बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरं त्यांनी बसल्या जागेवरून दिली. एकतीस वर्षं ते हेच एक मशीन चालवत होते. ते घेतलं तर मालक त्यांना त्याच दिवशी घरी पाठवणार होता, कारण गिरणीत राखण्यासारखं दुसरं काही उरत नव्हतं. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. चाक किती इंच, पट्टा किती लांब, तसंच हेही सांगितलं.

मशीन लॉरीतून आलं तेव्हा मेस्त्री मागे, मशीनशेजारी उभं राहून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लोखंडी पाइपांवरून सरकवत शेडमध्ये आणायला दुपार गेली. चहा पिताना त्यांनी विचारलं, आता याचं काय करणार? मी खरं ते सांगितलं. एवढ्या मोठ्या मशीनचा मला घरात काही उपयोग नव्हता. मला ते दुरुस्त करायचं होतं, एवढंच. मेस्त्रींनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ज्याच्यावर एकतीस वर्षं पोट भरलं ते कुणीतरी रविवारी गंमत म्हणून उघडणार, हे त्यांना पटायला वेळ लागला असावा.

मला ते पाहणं सहन झालं नाही, म्हणून मी एक योजना केली. योजना करणं मला जमतं. पॉलिटेक्निकला बाकं पुरवणारा एकजण कोरमंगलात फर्निचरचा कारखाना काढत होता. त्याला मोठा बँड सॉ हवा होता. मी त्याला सांगितलं, मशीन मी नीट करून देते, तुमच्याकडे वापरा, पण ते मेस्त्रींनीच चालवायचं. तो कबूल झाला. त्याची एकच अट होती. विजयादशमीला काम सुरू करायचं होतं, म्हणजे आदल्या दिवशीच्या आयुधपूजेला मशीन जागेवर, चालतं असायला हवं होतं. हातात सात आठवडे होते. मी सात आठवड्यांचा तक्ता केला.

मेस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, माझ्या वयाचा माणूस तो खरंच ठेवेल काय? मी म्हटलं, कबूल केलंय त्यानं. मग ते मशीनच्या खालच्या चाकापाशी उकिडवे बसले, बेअरिंगच्या टोपीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सात वर्षं आहेत अजून, अक्का. सात वर्षं बास आहेत मला."

मला वाटलं ते स्वतःच्या वयाचा हिशेब सांगताहेत. मी हो म्हटलं आणि तक्त्यात तिसऱ्या आठवड्यापुढे 'पट्ट्याचं टेबल' असं लिहिलं.

काम उत्तम चाललं होतं. मेस्त्री दर रविवारी यायचे, कधी मधल्या दिवशीही. मी भाग सुटे करायचे, चिठ्ठी बांधायचे, वहीत लिहायचे. ते चिठ्ठ्यांना हसायचे. एकदा त्यांनी एका बोल्टची चिठ्ठी सोडवून माझ्या साडीच्या पदराला बांधली आणि नवऱ्याला म्हणाले, "सामी, ही पण यादीत घ्या, हरवेल." नवरा दिवसभर हसत होता.

चौथ्या आठवड्यात त्यांना मालूरजवळच्या गावी जावं लागलं, बहिणीच्या नातीचं लग्न होतं. जाताना म्हणाले, वरचं चाक उरकून घ्या, खालचं मी आल्यावर बघू. मी ते वहीत लिहिलं आहे: 'खालचं – मेस्त्री आल्यावर.' त्याच्यावर तारीखही आहे.

वरचं चाक शनिवारी दुपारीच उरकलं. रविवार रिकामा राहिला. आता मला त्या रविवारी दुसरं काय काय करता आलं असतं याची यादी देता येईल, पण त्या सकाळी माझ्यासमोर तक्त्यातला एक कोरा चौकोन होता आणि कोरा चौकोन मला बघवत नाही. मी विचार केला, मेस्त्री म्हातारे आहेत, खाली वाकून तेलकट घाण काढायचं काम त्यांना कशाला ठेवायचं? आपण साफ करून ठेवू, ते आले की बसवतील.

खालच्या चाकाचा शाफ्ट दोन बेअरिंगवर टेकलेला होता. जुन्या पद्धतीची बेअरिंग: खाली लोखंडी खुर्ची, वर लोखंडी टोपी, दोन्हींच्या आत पांढऱ्या मऊ धातूचं अस्तर, त्याला व्हाइट मेटल म्हणतात. त्या मऊ अस्तरात शाफ्ट तेलावर फिरतो. मी टोप्या उघडल्या. टोपी आणि खुर्ची जिथं एकमेकांना टेकतात तिथं दोन्ही बाजूंना काळे, तेल प्यायलेले कागदाचे तुकडे चिकटले होते. कुणीतरी पूर्वी फटी बुजवायला कोंबले असतील असं मला वाटलं. एकावर सोनेरी अक्षरांचा अर्धा गणपती होता, लग्नपत्रिकेचा. एक कॅलेंडरचा, त्यावर अमावास्येचा काळा ठिपका. मी सुरीनं खरवडून सगळे काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले, घरच्या कचऱ्याबरोबर कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या कुंडीत गेले. मग आतलं अस्तर पाहिलं तर मळकट, रेघारेघांचं. पॉलिश पेपर घेऊन मी ते दोन तास घासलं. चांदीच्या ताटासारखं चकाकायला लागलं. शाफ्टही घासला. वहीत लिहिलं. आंघोळ करून नवऱ्याला शेडमध्ये नेलं आणि दाखवलं. फार खूश होते मी त्या संध्याकाळी.

मेस्त्री मंगळवारी आले. लग्नातले चिरोटे आणले होते, केळीच्या पानात बांधून. मी म्हटलं, आधी बघा तर. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला आणि खाली बसले. टोपी उचलली, उलटी केली, खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरी टोपी. मग जमिनीकडे पाहिलं, जणू काही पडलं असेल.

"कागद कुठं आहेत, अक्का?"

मी म्हटलं, ते ना, टाकले. घाण होती सगळी.

"किती होते?"

वही माझ्या हातातच होती, ती उघडून मी पाहिलं. आकडा नव्हता.

"सात होते," मेस्त्री म्हणाले. "दर बाजूला सात."

मग त्यांनी मला सांगितलं, त्याच आवाजात, ज्या आवाजात गिरणीत बावीस उत्तरं दिली होती. मऊ अस्तर झिजतं. झिजलं की शाफ्ट ढिला होतो, चाक डोलतं, पट्टा उतरतो. म्हणून नवं अस्तर ओतलं की टोपीखाली कागदांची थप्पी घालून ठेवायची. झीज झाली की एक कागद कमी करायचा. टोपी केसभर खाली बसते आणि शाफ्ट पुन्हा घट्ट होतो. गिरणीत वर्षातून एकदाच मशीन पूर्ण थांबायचं, आयुधपूजेला. पूजा झाली, कोहळा फोडला, की मेस्त्री टोप्या उघडायचे, प्रत्येक बाजूचा एक कागद काढायचे आणि आरतीच्या कापरावर धरून जाळायचे. हे त्यांच्या उस्तादांनी लावून दिलं होतं. किती वर्षं झाली हे त्यांना मोजावं लागत नसे. किती उरली ते कागद सांगत. सात उरली होती. सातव्या वर्षी अस्तर संपणार होतं आणि तोवर मेस्त्रींचे हातही थकले असते, असा त्यांचा आणि मशीनचा जमवलेला बेत होता.

त्यांनी अस्तरावर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं आणि कशानं घासलं ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटले. पॉलिश पेपरची वाळू मऊ धातूत रुतून बसते, निघत नाही. मी दोन तास खपून त्या बेअरिंगची कानस करून ठेवली होती. शाफ्ट आता तिच्यावर फिरणार होता.

ते मला बोलले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यानं रात्री जेवताना तेच विचारलं, रागावले का? मी नाही म्हटलं. त्यानं पानातला भात इकडचा तिकडे केला. "मग अवघड आहे," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी कोपऱ्यावरच्या कुंडीपाशी गेले. ती सोमवारीच रिकामी झालेली होती. तरी मी छत्रीच्या टोकानं तळ ढवळला. ओळखीची एक बाई देवळातून येत होती, तिनं विचारलं काय हरवलं? मी कागद म्हटलं. तिला वाटलं घराचे कागदपत्र. ती बिचारी माझ्याबरोबर वाकून शोधायला लागली. मला तिला थांबवतासुद्धा आलं नाही.

आयुधपूजेला अठरा दिवस उरले होते. मी नवा तक्ता केला. पोस्टकार्ड, बाँड पेपर, ट्रेसिंग पेपर, पत्रिका, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, सगळ्याच्या सारख्या पट्ट्या कापल्या. पॉलिटेक्निकमधून मायक्रोमीटर आणून एकेकाची जाडी लिहिली. मेस्त्री समोर बसून चिमटीत एकेक पट्टी धरायचे, सोडायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात खाली ठेवले. "अक्का, घालायचं काम मी जन्मात एकदा केलं. तेही उस्ताद मागं उभे होते तेव्हा. त्यानंतर मी नुसते काढत आलोय."

तरी आम्ही घालत राहिलो. पाच पाच, सहा चार, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. मी मोटर सुरू करायचे, ते टोपीवर तळहात ठेवायचे, मी घड्याळ बघून लिहायचे. चार मिनिटं, कोमट. नऊ मिनिटं, गरम. बारा मिनिटं, हात उचलला. दुसऱ्या दिवशी कागद बदलून पुन्हा. चौदा मिनिटं. अकरा मिनिटं. सैल ठेवलं तर चाक डोलायचं आणि पट्टा सळसळत बाहेर यायचा. आवळलं तर तापायचं. त्या पानांवरचे आकडे इतके नीट लिहिलेले आहेत की आज बघताना वाटतं, कुणीतरी काहीतरी उपयोगाचं मोजत होतं.

खरा उपाय एकच होता, अस्तर वितळवून नवं ओतणं. ते काम करणाऱ्यांची यादी मी केली. मेस्त्रींना माहीत असलेला एक मार्केटच्या गल्लीत होता. तो गेला होता आणि मुलगा बॉल बेअरिंग विकत होता. मी अकरा ठिकाणी विचारलं. नऊ जणांनी नवं मशीन घ्या म्हणून सांगितलं. एकानं हसून चहा दिला. एकजण तयार झाला, पण दिवाळीनंतर. भट्टी बंद होती. मी त्याला विनवलं. स्टोअर्समध्ये मी कधी पुरवठादाराला विनवलेलं नाही, त्यामुळे मला ते नीट आलंही नसेल.

पूजेच्या दोन दिवस आधी कोरमंगलाचा मालक मशीन बघायला आला. मेस्त्रींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मशीन बाहेरून देखणं दिसत होतं, मूळ राखाडी रंग, घासलेलं टेबल. मेस्त्रींनी सागाची एक फळी घेतली, खुर्चीच्या पाठीचा बाक पेन्सिलीनं आखला आणि कापायला घेतला. ते कापताना मी पहिल्यांदाच बघत होते. फळी हातात वळत होती आणि पट्टा रेघेवरून हलत नव्हता. मालक पुढे वाकला. मला वाटलं, निभावलं.

दुसरा बाक कापून झाला, तिसरा अर्धा झाला आणि खालून धूर आला. मेस्त्रींना माझ्या आधी कळलं होतं. त्यांचा गुडघा टोपीला टेकलेला होता. तरी त्यांनी थांबवलं नाही. रेघ पुरी करायचा प्रयत्न केला. मग शाफ्ट किंचाळला, चाक अडकलं आणि पट्टा लाकडातच थांबला.

मालक भला माणूस होता. म्हणाला, काही हरकत नाही मॅडम, मी एका नव्या मशीनचं बोलून ठेवलंच होतं, पुढच्या आठवड्यात येईल, बटणाचं आहे, चालवणारा माणूसही तेच देतात. मी मेस्त्रींबद्दल विचारलं, त्यांना दुसरं काही काम? तो म्हणाला, बघू, कळवतो. मेस्त्री तिथंच उभे होते, तेलाचा बुधला हातात घेऊन. आम्ही कन्नडमध्ये बोलत होतो, आणि तेव्हा नेमकं माझं कन्नड त्यांना पूर्ण समजण्याइतकं बरं झालं होतं.

आयुधपूजेला ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. झेंडूच्या माळा आणि कोहळा घेऊन आले. मशीनला कुंकू लावलं, माळ घातली, माझ्या लेथलाही लावली, वहीलाही. नवऱ्यानं कोहळा फोडला. आरती झाल्यावर मेस्त्री सवयीनं पाना घेऊन खाली बसले, टोपी उघडली आणि तसेच थांबले. आत मी कापलेल्या पट्ट्या होत्या, जळून तपकिरी झालेल्या. मी म्हटलं, त्यातली एक काढा ना मेस्त्री. त्यांनी मान हलवली. टोपी बसवली, उठले, आणि कापराच्या ज्योतीवर रिकामा हात धरून कपाळाला लावला.

"सरी, अक्का," म्हणाले, म्हणजे बरंय, आणि प्रसाद घेऊन गेले.

दिवाळीनंतर त्या भट्टीवाल्यानं अस्तर ओतून दिलं. उत्तम काम केलं. आता नवी थप्पी घालायची होती. मेस्त्री बोम्मसंद्राला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन लागलेत असं कळलं. मी वीस वीस पट्ट्यांचे चार गठ्ठे रबर लावून पिशवीत घातले, काय काय बोलायचं ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि होसूर रोडची बस धरली. चिठ्ठीत पाच मुद्दे होते. पहिला, माफी मागणे. दुसरा, रविवारी येऊ शकाल का. बाकीचे मशीनबद्दल.

त्यांचा गणवेश ढगळ होता. टोपी टेबलावर काढून ठेवली होती. मला बघून हसले, स्टूल पुसून दिलं आणि मग जरा ओशाळून रजिस्टर पुढे केलं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला लिहावंच लागतं म्हणाले. नाव, वेळ, कुणाला भेटायचं, कशासाठी. मी वेळ लिहिली. कशासाठी, या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. त्यांनी माझी पंचाईत ओळखली आणि स्वतःच 'घरचे' असं लिहिलं.

गठ्ठे त्यांनी रजिस्टरवरच सोडले. एकेक पट्टी चिमटीत धरून बाजूला ठेवत गेले. चार पट्ट्या परत दिल्या, जाड आहेत म्हणून. मला त्या चारही सारख्याच वाटत होत्या. घरी येऊन मायक्रोमीटर लावला तर त्या खरंच जाड निघाल्या; त्यांच्या जागी पातळ चार कापून घातल्या. मधे दोनदा फाटक उघडायला उठले. रविवारचं मी विचारलं. रविवारी त्यांची पाळी असायची, सुट्टी मधल्या वारी, तीही दर आठवड्याला बदलणारी. आयुधपूजेला? तेव्हा कारखाना बंद, म्हणजे वॉचमनला दोन पाळ्या.

"वीस घातले तर वीस वर्षं," ते म्हणाले. "चालवणार कोण, अक्का?"

मी म्हटलं, तुम्ही दाखवून द्या ना कुणाला तरी. त्यांनी गठ्ठ्यांना रबर लावलं, डावा कुठला उजवा कुठला ते कानामागची पेन्सिल काढून वर लिहिलं. पेन्सिल अजून तिथंच होती. "दर वर्षी एकेक काढा. पूजा झाल्यावर. आधी नाही. विसरू नका."

लिहून ठेवते म्हटलं मी.

"ते तुम्ही ठेवणार, ठाऊक आहे मला."

आतून एक लॉरी आली आणि हॉर्न वाजवत राहिली. ते टोपी घालून उठले. लॉरीच्या मागून अजून दोन होत्या. मी थोडा वेळ थांबले, मग माझी जाण्याची वेळ रजिस्टरात लिहिली आणि बस स्टॉपवर आले. चिठ्ठी उघडली तेव्हा पहिला मुद्दा तसाच होता.

त्या थप्पीवर मशीन सुंदर बसलं. मी त्यासाठी जागा शोधली, सात कारखान्यांत विचारलं. प्रत्येक ठिकाणी नवी मशीनं आली होती किंवा येणार होती, आणि असलं मशीन चालवणारा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न त्यांनीच मला विचारला. मी स्वतः शिकायचा प्रयत्न केला. सरळ रेघ कापता येते. बाक येत नाही, पट्टा रेघ सोडतो.

त्यानंतर तीन आयुधपूजा झाल्या. दर वर्षी मी टोप्या उघडते, एकेक पट्टी काढते, कापरावर जाळते. वहीत लिहिते. प्रत्येक बाजूला सतरा उरल्या आहेत. मागच्या वेळी नवरा आरतीचं ताट धरून उभा होता, म्हणाला, वर्षभर चाललंच नाही तर झिजलं कुठून, मग कागद कशाला काढायचा? बरोबर होतं त्याचं. पण मेस्त्रींनी सांगितलं होतं विसरू नका, म्हणून मी काढला. त्यामुळे टोपी आता जराशी घट्ट बसते आणि चाक फिरवायला हाताला जोर लागतो.

रविवारी मी मशीन सुरू करते. फळी लावत नाही. टोपीवर तळहात ठेवून घड्याळ बघते. पहिल्या वर्षी वीस मिनिटांनंतरही टोपी गार असायची. आता अठराव्या मिनिटाला कोमट लागते. मग मी मोटर बंद करते आणि चाक थांबेपर्यंत तिथंच बसून राहते.